नॉन-अटेंडिंग बी.एड. आणि आपण सोडून दिलेला वर्ग

आपल्या चळवळीत शिक्षणावर जेवढं बोललं जातं, त्याच्या दहाव्या हिश्शानंही शिक्षक कसा घडतो यावर बोललं जात नाही. एमपीएससीची मार्गदर्शन शिबिरं होतात, यूपीएससीच्या मुलाखतींची तयारी होते, परदेशी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणारे कार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. हे सगळं हवंच. पण बी.एड. म्हटलं की आपलेच लोक तोंड वाकडं करतात. "काही नाही जमलं तर बी.एड. करून ठेव" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की ते आता आपल्या समाजाचं धोरणच झालंय की काय, असं वाटतं. आणि 'करून ठेवण्या'चा सोपा मार्गही बाजारात तयार आहे. प्रवेशाचा हंगाम आला की मोबाईलवर मेसेज फिरतात : बी.एड. प्रवेश सुरू, नॉन-अटेंडिंगची सोय, एससी-एसटी विद्यार्थ्यांना फी नाही. म्हणजे नाव नोंदवायचं, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आणि दोन वर्षांनी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं.

हा मार्ग आपण नाकारला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. नियम मोडतो एवढ्यासाठीच नाही. त्यात जे जातं ते फक्त आपलं जातं, म्हणून.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, त्यानंतर आठ वर्षं परभणी जिल्ह्यात वस्त्यांमध्ये काम केलं. बचत गट, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली पोरं मागं ठेवून घ्यायला आईबापांची मनधरणी, हे सगळं. या कामात एक गोष्ट कायम खुपायची. पोरगं शाळेच्या दारापर्यंत मी पोचवू शकत होते; दाराच्या आत त्याचं काय होतं यावर माझा काही इलाज नव्हता. आठवीत गेलेली पोरगी दिवाळीनंतर शाळेत दिसायची नाही. विचारलं तर म्हणायची, "मॅडम, मला तिथं काही येतच नाही." येत नव्हतं की कोणी येऊ दिलं नव्हतं, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. म्हणून बत्तिसाव्या वर्षी, पाच वर्षांचा मुलगा घरात असताना, मी २०२२ साली सीईटी दिली आणि बी.एड.ला प्रवेश घेतला. रेग्युलर.

इथं एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकते, कारण याच ठिकाणी आपली मुलं फसतात. माध्यमिक शाळेत समाजशास्त्र नावाचा विषय नसतो. तो येतो अकरावी-बारावीला. बी.एड.ला जे अध्यापनाचे विषय, म्हणजे मेथड, निवडायचे असतात ते शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयांतून, आणि पुढे भरतीतही पदवीला कोणता विषय होता हे बघतात. माझ्या बी.ए.ला इतिहास आणि मराठी होतं म्हणून माझं निभावलं. ज्यांनी सोपं पडतं म्हणून पदवीला शाळेत नसलेलेच विषय घेतलेत, त्यांनी बी.एड.च्या आधी हे तपासावं. एजंट हे सांगत नाही.

प्रवेशाच्या वेळी मलाही विचारलं गेलं, "मॅडम, रोज येणार का?" जणू रोज येणं हीच काही खास सवलत आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हा एका कॉलेजचा प्रश्न नाही. हजेरीपटावर पन्नास नावं होती, वर्गात रोज दिसायची चौदा-पंधरा. त्या पंधरांत सात जण आपल्या समाजाचे. बाकी आपलेच कितीतरी जण पुण्यात कंपनीत होते, कोणी गावात शेतमजुरीवर, कोणी लग्न होऊन सासरी. त्यांच्या पाठ टाचणाच्या वह्या तयार मिळायच्या. पैसे दिले की झालं. ज्या वहीत 'मी हा पाठ घेतला' असं लिहिलेलं असतं ती वही ज्याच्या नावाची, त्यानं तो वर्गही पाहिलेला नसतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा, म्हणजे एनसीटीईचा, नियम काय आहे? बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. तासिकांना ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला ९० टक्के हजेरी बंधनकारक आहे. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. हे सगळं कागदावर पूर्ण होतं. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षक शिक्षणाची तपासणी करायला न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, तोही महाराष्ट्रातल्याच डी.एड. कॉलेजांच्या प्रकरणातून. त्या आयोगाचा अहवाल २०१२ ला आला. सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या देशातल्या जवळपास ९० टक्के संस्था खासगी आहेत, हे त्यात नोंदवलेलं आहे. शिक्षक घडवण्याचं काम संस्थाचालकांच्या हाती आहे आणि त्यांच्या दृष्टीनं सगळ्यात फायद्याचा विद्यार्थी तोच, जो येत नाही. बसायला बाक नको, शिकवायला प्राध्यापक नको, पाणी-वीज नको. फी मात्र पूर्ण. त्यातही अनुसूचित जातीचा विद्यार्थी असेल तर फी शासनाच्या शिष्यवृत्तीतून येणार. बाबासाहेबांनी भांडून मिळवलेला हक्क, त्यातून आलेला पैसा, आणि तो जातो कोणाला? आपल्याला न शिकवण्याबद्दल संस्थेला. याहून स्वस्तात आपल्याला कोणी लुटलं नसेल.

आता रोज जाऊन मला काय मिळालं ते सांगते. सगळंच सोन्यासारखं नव्हतं. बरेच तास कंटाळवाणे होते. पियाजे, व्हायगॉट्स्की, स्किनर, ब्लूमची उद्दिष्टं, हर्बार्टची पंचपदी. ही नावं फळ्यावर लिहून देऊन नोट्स उतरवून घ्यायच्या. पण सूक्ष्म अध्यापन सुरू झालं आणि चित्र बदललं. सहा मिनिटं. समोर आपलेच सात-आठ सहकारी विद्यार्थी बनून बसलेले, आणि एकाच कौशल्याचा सराव : प्रश्न विचारणं, नाहीतर फलकलेखन, नाहीतर उदाहरण देणं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं निरीक्षकांचं ऐकायचं, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं आणि पुन्हा सहा मिनिटं ऐकायचं. आम्हा कार्यकर्त्यांना बोलायची सवय असते. चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला माईक हातात आला की अर्धा तास कुठं जातो कळत नाही, आणि समोरच्याला काय समजलं हे कोणी मोजत नाही. इथं मोजतात. किती प्रश्न विचारले, त्यातले किती 'हो-नाही'चे होते, मागच्या बाकाकडं किती वेळा पाहिलं, हे सगळं निरीक्षण तक्त्यावर खुणा करून हातात देतात. माझं ठाम मत आहे की आपल्या प्रत्येक वक्त्यानं एकदा तरी ही सहा मिनिटं उभं राहून पाहावं.

अभ्यासक्रमाबद्दलची माझी तक्रार वेगळी आहे आणि ती समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आहे. बी.एड.च्या अभ्यासक्रमात लिंगभाव, शाळा आणि समाज असा स्वतंत्र विषय आहे. सर्वसमावेशक शाळेचा विषय आहे, त्यात दिव्यांग मुलांचा विचार येतो. दोन्ही आवश्यक. जातीचं काय? ती 'समकालीन भारत आणि शिक्षण' यात वंचित घटक म्हणून एका घटकात येऊन जाते. एम.ए.ला आम्ही बाबासाहेबांचा १९१६ चा जातिसंस्थेवरचा निबंध वाचला होता, श्रीनिवासांचं संस्कृतीकरण वाचलं होतं, बोर्द्यूचं सांस्कृतिक भांडवल वाचलं होतं. बी.एड.ला आल्यावर या सगळ्याचं नाव झालं 'विद्यार्थ्याची सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी'. पार्श्वभूमी म्हणजे मागचा पडदा. जात मागच्या पडद्यावर नसते हो, ती वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत बसलेली असते.

हे मला दिसलं सोळा आठवड्यांच्या आंतरवासितेत. एका अनुदानित शाळेत आम्हा आठ छात्राध्यापिकांना पाठवलं होतं. ठरलेल्या रंगाची साडी, हातात टाचणवही आणि खडूचा डबा. पहिल्याच आठवड्यात एक तास मोकळा होता, वर्गशिक्षक आले आणि दारातूनच म्हणाले, "एससीवाले उभे राहा, स्कॉलरशिपची यादी करायचीय." नऊ मुलं उठली. एक मुलगी उठली नाही. तिची मैत्रीण तिच्याकडं बघत होती, ती वहीत बघत होती. सर वाईट माणूस नव्हते, मुलांचे फॉर्म वेळेत जावेत हीच त्यांची धडपड होती. पण त्या एका वाक्यानं शाळेनं वर्गाची जी विभागणी केली ती पुढं वर्षभर पुरते. मी त्यांना म्हटलं, सर, यादीचं काम माझ्याकडं द्या. हजेरीक्रमांकानं सगळ्याच वर्गाला एकेक करून टेबलाशी बोलावलं, सगळ्यांचेच आधार आणि बँकेचे तपशील तपासले, त्यात ज्यांचा फॉर्म भरायचा त्यांचा भरला. दोन दिवस लागले. ती मुलगीही आली. सरांना पद्धत आवडली, काम कमी झालं म्हणून आवडली असेल, पण पुढच्या वर्गातही त्यांनी ती वापरली.

सांगा, नॉन-अटेंडिंगवाल्याला हा प्रसंग कुठल्या तयार वहीत मिळणार?

भाषेचंही तसंच. मराठीच्या पाठात पोरं 'व्हतं', 'न्हाई', 'म्या' म्हणायची, की वर्गात खसखस पिकायची. निरीक्षण तक्त्यात 'विद्यार्थ्यांचे उच्चार शुद्ध करून घेतले' असा रकाना. मी उत्तर बरोबर असेल तर आधी ते बरोबर आहे म्हणून फळ्यावर घ्यायची, मग "पुस्तकात हेच कसं लिहिलंय बघा" म्हणून प्रमाण रूप शेजारी लिहायची. दोन्ही फळ्यावर. घरची बोली चूक नाही आणि परीक्षेतली भाषाही आलीच पाहिजे, या दोन गोष्टी एकाच वेळी सांगता येतात. त्याला कसब लागतं, आणि कसब सरावानंच येतं.

इतिहासाचा एक पाठ मात्र विसरता येणार नाही. आठवीच्या पुस्तकात 'समतेचा लढा' हा पाठ आहे. त्यातला महाडचा भाग मी घेतला. पस्तीस मिनिटांत २० मार्च १९२७, चवदार तळं, मुंबई विधिमंडळाचा सार्वजनिक पाणवठ्यांबद्दलचा आधीचा ठराव, तो असूनही पाणी बंद का, एवढं बसवायचं होतं. मी सुरुवात प्रश्नानं केली : तुमच्या गावात पाणी कुठून येतं, कोण भरतं, आधी कोण भरतं? उत्तरं आपोआप येत गेली. आपल्या समाजातली नव्हे अशी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं दोन आड आहेत. एक त्यांचा." वर्ग एकदम गप्प झाला. 'त्यांचा' म्हणजे कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. मी तिला शाबासकी दिली, कारण तिनं खरं सांगितलं होतं, आणि विचारलं, १९२७ ला महाडमध्ये असा प्रश्न कोणी विचारला? तिथून पाठ पुढं नेला. निरीक्षकांचा शेरा आला : फलकलेखन चांगले, प्रश्नकौशल्य उत्तम, विषय संवेदनशील असल्याने पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊ नये. मी नम्रपणे पाठ्यपुस्तकाचं पान उघडून समोर ठेवलं. महाड पुस्तकातच आहे. त्यांनी पान वाचलं, शेरा तसाच ठेवला, गुण मात्र कापले नाहीत. जे पुस्तकात छापलेलं आहे तेही शिकवणाऱ्याच्या धाडसाशिवाय वर्गात येत नाही, एवढं मला त्या दिवशी पक्कं समजलं. आणि तो धडा आजवर किती वर्गांत 'घरी वाचून घ्या' म्हणून संपला असेल, याचा हिशेब कोणाकडं आहे?

जोतिरावांनी हे १८८२ साली ओळखलं होतं. हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी फक्त शाळा वाढवा असं सांगितलं नाही, शिक्षक कोण असावा हेही सांगितलं. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडेच प्रशिक्षित, बाकीचे बिनशिकाऊ. तेव्हा शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून, प्रशिक्षण देऊन तयार करावेत, जे मुलांत मोकळेपणानं मिसळतील आणि गरज पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाहीत, अशी त्यांची मागणी होती. दोन्ही अटी एकत्र बघा. आपल्यातला हवा आणि प्रशिक्षित हवा. सावित्रीबाईंनी स्वतः अहमदनगरला आणि पुण्याला अध्यापनाचं शिक्षण घेतलं. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, त्यामागं अशी तयारी होती. आपण आज पहिली अट आरक्षणाच्या बिंदुनामावलीत मागतो, ती मागितलीच पाहिजे. दुसरी अट मात्र स्वतःच्या हातानं सोडून देतो. बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या माठातलं पाणी पिण्याला हरकत घेतली होती. पण पुढं त्यांची व्याख्यानं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी येऊन बसायचे. ते येत होते त्यांच्या तयारीमुळं.

आता उलट बाजूचं बोलणं ऐकू. "ताई, नोकरी कुठं आहे?" हा प्रश्न खोटा नाही. शिक्षक अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा २०१७ ला झाली, दुसरी थेट २०२३ ला. मधली पाच वर्षं ज्यांचं वय वाढलं ते कोणाला जाब विचारणार? पवित्र पोर्टल आलं तरी खासगी संस्थांना मुलाखतीसह भरतीचा पर्याय आहेच, आणि मुलाखतीच्या खोलीत काय चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको. लागलीच नोकरी तर तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकचं मानधन २०२३ पर्यंत महिना ८ हजार होतं, ते १८ हजार झालं, तेही बरीच ओरड झाल्यावर. हे सगळं मान्य. पण याचा अर्थ हजेरी चुकवा असा कसा निघतो? नोकरी कमी असतील तर जागेसाठी पाठ घेऊन दाखवायची वेळ येईल तेव्हा फळ्यासमोर उभं राहता आलं पाहिजे. न शिकता मिळालेलं प्रमाणपत्र सगळ्यांकडं आहे. ज्याच्या घरात संस्थाचालकाची ओळख आहे त्याचं तेवढ्यावर भागतं. आपलं भागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : रोज गेलं तर खायचं काय? माझ्या वर्गातली जी आपली मुलं येत नव्हती त्यातली निम्मी तरी आळशी नव्हती, ती कमावत होती. माझंही घर दोन वर्षं नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर आणि माझ्या सुट्टीतल्या सर्वेक्षणाच्या कामावर चाललं. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं त्याचाही मोठा आधार वाटला, इतकी ती वर्षं ओढाताणीची होती. म्हणून भांडायचं असेल तर इथं भांडू. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या आंतरवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळतं. २०२४ ला आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार रुपये दिले गेले, काम शिकण्याबद्दल. मग सोळा आठवडे शाळेत रोज तास घेणाऱ्या, परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या, शिक्षक रजेवर असेल तर त्याचा वर्ग सांभाळणाऱ्या छात्राध्यापकाला एक रुपयाही का नाही? ही मागणी कुठल्याही विद्यार्थी संघटनेच्या पत्रकात मी अजून वाचलेली नाही. विद्यावेतन मिळालं तर नॉन-अटेंडिंगचा अर्धा बाजार उठेल, कारण पोराला पुण्याला जायची गरजच उरणार नाही. सोबत दुसरी मागणी : शिष्यवृत्तीवर फी घेणाऱ्या प्रत्येक बी.एड. कॉलेजची हजेरी आणि आंतरवासितेच्या शाळांची नावं जाहीर करा. माहिती अधिकारात अर्ज टाकायला आपल्यात कार्यकर्त्यांची कमी नाही.

यात वेळेचाही मुद्दा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांना एक वर्षाचं बी.एड. असं म्हटलेलं आहे आणि एनसीटीईच्या २०२५ च्या मसुद्यात ते आलं. एक वर्ष वाचलं म्हणून आपली एम.ए. झालेली मुलं खूश आहेत. पण वर्ष कमी होताना शाळेतले आठवडे किती उरतात, हा प्रश्न आपण मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हाच विचारायला हवा. नंतर निवेदन देऊन काही होत नाही.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात अभ्यासिका चालते. तिथं गेल्या वर्षीपासून रविवारी सकाळी दोन सराव पाठ ठेवतो. बी.एड.ला असलेला कोणीही येतो, आठवी-नववीची पोरं समोर बसतात, फळा तिथं आहेच. पाठ झाला की आधी पोरं बोलतात, मग आम्ही. मागच्या रविवारी भूगोलाच्या पाठावर सातवीतला एक जण म्हणाला, "सर, तुम्ही नकाशाला पाठ लावून उभे राहिले, आम्हाला काहीच दिसलं नाही." सर हसले, बाजूला झाले आणि पाठ पुन्हा घेतला. ज्यांना आपल्या विहारात हे सुरू करायचं असेल त्यांनी निरीक्षण तक्त्याचा नमुना मागून घ्यावा, मी पाठवते. प्रवेशाची फेरी लागायच्या आत सुरू केलं तर बरं, म्हणजे जी पोरं नॉन-अटेंडिंगच्या मेसेजवर नंबर फिरवणार आहेत ती आधी इथं येऊन एक पाठ तरी बघतील.

जयभीम.